एकाच बिलावर दोन पुड्या

कोरेगाव तालुक्यात आमचा अर्ध्या एकराचा आल्याचा प्लॉट आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास माहीम जातीचं बेणं गादीवाफ्यावर लावलं. त्याआधी १०० किलो कुजलेल्या शेणखताला १ किलो ट्रायकोडर्मा या हिशेबाने मुरवून घातला होता. आषाढात पाऊस लागून राहिला आणि खालच्या अंगाच्या वाफ्यांवर पानं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली. कोंब नुसता धरला तरी हातात यायचा. बुडाशी पाणचट, घाण वास. कंदकूजच.

दुकानातून आळवणीसाठी एकाच बिलावर दोन पुड्या मिळाल्या. आधी कार्बेन्डाझिम सोडा, चार दिवसांनी ट्रायकोडर्मा, असं सांगितलं. तसं केलं. सड थांबली नाही, वाफ्यामागून वाफा धरत गेली. बेण्यातच बरेच पैसे अडकलेले. सकाळी प्लॉटवर जायला नको वाटायचं.

कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमना उपटलेले कोंब दाखवले. "दादा, ही पिथियमची सड आहे," त्या म्हणाल्या. "कार्बेन्डाझिम पिथियमवर चालतच नाही. ट्रायकोडर्मा मात्र त्याने मरतो." पिथियमला आपण बुरशी म्हणतो, पण तो शेवाळाच्या जवळच्या कुळातला. ट्रायकोडर्मा खरी बुरशी. म्हणजे आळवणीने रोग तसाच ठेवला आणि त्याला खाणारी बुरशी मारली.

घरी खात्री करून पाहिली. दोन घमेल्यांत ओलसर शेणखत घेऊन ट्रायकोडर्मा कालवला. एकावर साधं पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर कार्बेन्डाझिमचं. गोणपाट झाकून गोठ्यात ठेवली. आठवडाभरात पहिल्यावर पांढरी बुरशी धरली, मग ढेकळं हिरवी पडली. बोटाला हिरवी भुकटी लागायची. दुसरं घमेलं होतं तसंच काळं.

मग चर खोल करून पाणी काढून दिलं. सडलेली झाडं भोवतालच्या मातीसकट उचलून लांब पुरली. मेटॅलॅक्झिल असलेल्या औषधाची आळवणी केली, ते पिथियमवर चालतं. निम्मा प्लॉट वाचला. माझ्या मते जास्त फरक चरांनी पडला, कारण जिथे पाणी निघालं नाही तिथे औषध देऊनही सड आलीच.

कार्बेन्डाझिम मातीत महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून त्या वाफ्यांत ट्रायकोडर्मा लगेच पुन्हा घातला नाही. आता पुडी घेताना मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालचा बारीक छापलेला घटक वाचतो. पुढच्या लागणीला बेणं कार्बेन्डाझिममध्ये बुडवणार नाही, ट्रायकोडर्माच लावणार आहे.