पस्तिसाची रेघ

आमच्या चऱ्होलीला समुद्र नाही. इंद्रायणी आहे, वाघेश्वराचे देऊळ आहे आणि शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच उंच इमारती आहेत. त्यांतल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर मात्र समुद्राचा एक तुकडा आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मागच्या उन्हाळ्यात सहा आठवडे तो माझ्या हवाली होता, आणि मी तो जवळजवळ मारून टाकला.

ही हकीकत लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. वार्षिकांकात आपण सहलीविषयी लिहितो, पहिल्या पावसाविषयी लिहितो. माझ्यापाशी ही टाकीच आहे.

आई त्या घरी स्वयंपाकाला जाते. बारावीच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर जाई आणि पोळ्या होईपर्यंत काचेसमोर उभी राही. घरचे काका चाकणच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. त्यांनी एक दिवस विचारले, "नुसती बघतेस, की शिकतेस?" तेव्हापासून मी रोज संध्याकाळी टाकीचे काम करते. काका महिन्याला दोन हजार रुपये देतात. माझी फी आणि बसचा पास त्यातून निघतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे या दोन हजारांना आमच्याकडे जरा जास्तच मान आहे.

खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे नुसते मासे नव्हेत. तिथे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊन माशांची जोडी आहे, एक निळा मासा आहे, गोगलगाई आहेत, आणि तेव्हा तांबड्या पाठीची एक कोळंबी होती. ती माशांच्या अंगावर चढून त्यांची साफसफाई करी. शिवाय प्रवाळ. प्रवाळ हा दगडही नव्हे आणि झाडही नव्हे, तो प्राणी आहे, हे मला स्वतः पाहीपर्यंत खरे वाटले नव्हते. काकांकडे मऊ प्रवाळच आहेत. कठीण प्रवाळांना आपल्याकडे २००१ पासून वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे, ते घरी ठेवता येत नाहीत. एक प्रवाळ चामड्याच्या छत्रीसारखा आहे. दुसरे शर्टाच्या बटणांसारखे, उजेड झाला की उमलणारे आणि हात लागला की मिटणारे.

समुद्र मी आजवर एकदाच पाहिला आहे, नववीच्या सहलीत, अलिबागला. तिथे प्रवाळ कुठले दिसायला! पण ते आपल्या महाराष्ट्रातही आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात आहेत. १९८७ साली तिथे मालवणचे सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत पाण्याखाली बुडालेले एक पठार आहे, त्यावरही आहेत. त्या पठाराचे नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेले. माझा विषय भूगोल. असली माहिती मी आईला पोळ्या लाटताना ऐकवीत असे आणि ती "हं" म्हणत असे.

भूगोलाने मला आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवली होती. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सरासरी पस्तीस भाग क्षार असतात. पस्तीस म्हणजे आपल्याकडे पास होण्याचा आकडा, म्हणून तो विसरला जात नाही. टाकीतले पाणीसुद्धा पस्तीसवर राखायचे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोज उडाले तेवढे गोडे पाणी, तेही आरओचे, वरून घालायचे. बाष्पीभवन जास्त तिथे क्षारता जास्त, म्हणून तांबडा समुद्र चाळीसच्या घरात. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत.

क्षारता मोजायला हातात मावेल असा रिफ्रॅक्टोमीटर असतो. एका टोकाच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, झाकण लावायचे आणि उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकाने बघायचे. आत वर निळे, खाली पांढरे, आणि मधली रेघ ज्या आकड्यावर तितकी क्षारता.

एप्रिलच्या मध्याला काका कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेले. काकू मुलांना घेऊन नागपूरला गेल्या. किल्ली आईकडे. पहिले दहा दिवस सुरळीत गेले. एका रात्री वादळात वीज गेली तेव्हा आईला सोबतीला घेऊन अडीच वाजेपर्यंत मगाने पाणी उंचावरून ओतत बसले, की त्यात हवा मिसळावी. तो प्रसंग निभावला आणि मला वाटले, आता आपल्याला सगळे येते.

त्यानंतर चारच दिवसांनी रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातून निसटला आणि फरशीवर पडला.

काच फुटली नव्हती. मी तो ओढणीने पुसला, जागेवर ठेवला आणि कुणालाही काही सांगितले नाही. वस्तू महाग आहे हे मला ठाऊक होते. पडलेली वस्तू फुटली नाही म्हणजे ती पडलीच नाही, असे मी ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी रेघ एकोणतीसवर! मला वाटले, उन्हाळ्यामुळे आपण गोडे पाणी जास्त ओतले. बादलीत मीठ विरघळवून थोडे थोडे घालत चार दिवसांत रेघ पस्तीसवर आणली. हायसे वाटले. त्याच संध्याकाळी बटणे मिटली ती मिटलीच. छत्री मान टाकून बसली. गोगलगाई काचेवरून गळून वाळूत पडल्या.

मग मी जे जे केले ते आठवले की आज हसूही येते आणि लाजही वाटते. अमोनिया तपासला, नायट्रेट तपासले. नळीतले रंग ठीक होते. पंप उघडून धुतला. दिव्याची वेळ कमी केली. सोसायटीला टँकरचे पाणी येते, त्यावर आळ घेतला. आरओची पट्टी बदलायला झाली असेल म्हणून तीही बदलली. शेवटी सगळ्या आजारांवरचे घरगुती औषध म्हणून तीस लिटर पाणी काढले आणि नवे घातले. नवे पाणी कालवताना अर्थात त्याच मीटरने रेघ पस्तीसवर आणली. बिघाड ज्या डोळ्यात होता त्याच डोळ्याने मी सारीकडे बिघाड शोधत होते.

सहा मे रोजी कोळंबी मेली. पांढरट होऊन दगडाला टेकून पडली होती. मासे होते, पण भराभर श्वास घेत होते.

आठ तारखेला काकांचा निरोप आला : टाकीचा फोटो पाठव. मी एप्रिलमधला फोटो पाठवला. सगळे उमललेले, कोळंबी निळ्या माशाच्या पाठीवर. काकांनी अंगठा पाठवला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

आप्पा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहेत. पारनेरकडून आले तेव्हा सातवी झालेली होती, तेवढेच शिक्षण. माझ्या अभ्यासाविषयी ते कधी काही विचारत नाहीत आणि मीही, खरे सांगायचे तर, त्यांना काही सांगत नसे. त्यांना काय कळणार, असे मनात असे. त्या रात्री त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारले, "काय झालं पोरी?" मी चिडूनच सगळे सांगितले. मीठ, रेघ, थेंब, झाकण.

"असली नळी असती ती? डोळ्याला लावायची?"

"हो."

"आमच्याकडं कूलंटला असती." कापताना मशीन तापू नये म्हणून पाण्यात तेल मिसळून सोडतात, ते कूलंट. दिवसभरात त्यातले पाणी उडते, मिश्रण दाट होते, म्हणून पातळ करून भरावे लागते. किती दाट झाले ते असल्याच नळीने बघतात, आणि आमचे आप्पा ती रोज सकाळी डोळ्याला लावतात. इतक्या वर्षांत मला याचा पत्ता नव्हता.

"शून्य केला का?" त्यांनी विचारले.

"म्हणजे?"

"नुसतं पाणी टाकून बघायचं आधी. रेघ शून्यावर पाहिजे. नसली तर स्क्रू असतो वर." मग घास हातात तसाच धरून म्हणाले, "पडला व्हता का?"

मी मान खाली घातली. ते पुढे काही बोलले नाहीत. आईने माझ्या ताटात आमटी वाढली.

रविवारी आप्पा माझ्याबरोबर आले. गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "कोणाकडे?" आप्पांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "माशाकडं." वॉचमनने ते तसेच लिहून घेतले. वर गेल्यावर सोफ्यावर बसा म्हटले तर बसले नाहीत. बराच वेळ टाकीपुढे उकिडवे बसून राहिले. मग हात धुऊन मीटर मागितला. तिकडे नळाचे पाणी चालते म्हणाले. मी म्हटले, इथे आरओचेच घ्यायचे. ते "बरं" म्हणाले. थेंब टाकून खिडकीकडे वळले, पाहिले, आणि नळी माझ्या हातात दिली. रेघ शून्याच्या खाली, आकड्यांच्या पट्टीबाहेर गेली होती.

छोट्या पेचकसाने त्यांनी स्क्रू अगदी केसभर फिरवला. पुन्हा पाहिले, पुन्हा फिरवला. मग टाकीतला थेंब. एक्केचाळीस.

माझा तांबडा समुद्र झाला होता. तांबड्या समुद्रात प्रवाळ आहेत, उत्तम आहेत. पण ते तिथलेच आहेत, त्यांना कुणी चार दिवसांत तिथे नेऊन टाकलेले नाही. माशाला अंगातले मीठ सांभाळता येते. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांचे तसे नाही. बाहेरचे पाणी जसे, तसे त्यांच्या आतले होत जाते. म्हणून मासे तगले आणि कोळंबी गेली. हे मी नंतर वाचले. माझा हात आरओच्या बादलीकडे गेला, तसे आप्पा म्हणाले, "एकदम नको. चढवलंस त्यापेक्षा हळू उतरव." रोज चार लिटर काढायचे, चार लिटर गोडे घालायचे. एकशे साठ लिटरांच्या टाकीत दिवसाला साधारण एक आकडा उतरतो. हा हिशेब मी केला. आप्पांनी नुसती मान हलवली.

सातव्या दिवशी रेघ पस्तीसवर आली. बटणांपैकी निम्मी दहाव्या दिवशी उमलली. छत्रीने वरची कातडी सोडली आणि ती हळूहळू ताठ झाली. गोगलगाई दोन वाचल्या.

काका मेअखेरीस परतले. बॅग ठेवून आधी टाकीपाशीच आले.

"कोळंबी कधी गेली?"

"सहा तारखेला."

"आठ तारखेच्या फोटोत तर आहे."

मी सांगितले. फोटो एप्रिलचा होता हे, आणि मीटर पडला होता हेही. काका बराच वेळ काचेतून आत बघत राहिले. बोटाने बटणे मोजत असावेत. मग म्हणाले, "मीटर पडला तर फोन करायचा. मी काय खाल्लं असतं तुला?" याला उत्तर नव्हते. त्या महिन्याचे पैसे त्यांनी पूर्ण दिले आणि मी ते घेतले. जूनमध्ये फी होती.

टाकीशेजारच्या वहीत आता तारखेनंतर 'शून्य' असा नवा रकाना आहे. काकांनी तो पट्टीने आखून दिला. सोमवारी रात्री आप्पा जेवताना विचारतात, "केला का?" आणि मी हो म्हणते. काकांनी गणपतीच्या सुमारास दुसरी कोळंबी आणली. ती भित्री आहे, अजून दगडामागेच असते. निळा मासा मात्र रोज त्या दगडापुढे येऊन कल्ले पसरून उभा राहतो.