फाईल ज्याची, आकडा त्याचा

ऑपरेशन नीट पार पडलं की नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतात, "आता किती वर्षं?" हा प्रश्न ज्याच्या आयुष्याचा असतो तो मात्र वॉर्डात असतो. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक आहे. तिथल्या ओपीडीत मामांच्या शेजारी बसलो होतो तेव्हाही फाईल मामीच्या मांडीवर होती. "यांच्यासमोर काही विचारू नकोस हं," तिनं मला आधीच बजावलं होतं.

मामांच्या जठरातून जिस्टची गाठ काढली होती. ही गाठ पचनमार्गाच्या भिंतीत वाढते, जठराच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षा ती निराळी. ती उलटेल का, याचा अंदाज मुख्यतः चार गोष्टींवरून बांधतात: गाठीचा आकार, तिच्या पेशी किती वेगानं विभागतात, ती कुठं होती आणि फुटली होती का. मामांच्या रिपोर्टात होतं: ७ सेंटिमीटर, जठर, ५ चौरस मिलिमीटरमध्ये ३ विभाजनं, गाठ अखंड.

मिएटिनेन आणि लासोटा या पॅथॉलॉजिस्टांनी २००६ साली मांडलेल्या तक्त्यात अशी गाठ जठरात असेल तर आजार बळावण्याचं प्रमाण ३.६ टक्के आहे. हीच गाठ ड्युओडिनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, पुढे लहान आतड्यात असेल तर ते २४ टक्क्यांवर जातं. हे आकडे या आजारावरची इमॅटिनिबची गोळी येण्यापूर्वीच्या रुग्णांचे. पुढे २०१२ मध्ये एका युरोपीय चाचणीनं दाखवलं, की धोका जास्त असलेल्यांनी ही गोळी एक वर्षाऐवजी तीन वर्षं घेतली तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८२ वरून ९२ टक्क्यांवर जातं.

म्हणजे हा अंदाज मरणाची तारीख सांगत नाही. गोळी द्यायची की नाही, किती वर्षं द्यायची, सीटी स्कॅन किती महिन्यांनी करायचा, हे त्यावरून ठरतं. शंभरांतल्या किती जणांचा आजार उलटला एवढंच तो सांगतो, त्यांत आपला माणूस असेल का हे सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी हे सगळं थेट मामांनाच समजावलं. मामी अवघडून खाली बघत होती. मामांनी शांतपणे विचारलं, "मग गोळी नको, पण तपासणी चुकवायची नाही, असंच ना?" तेच खरं होतं.

आपण काळजीपोटी लपवतो, त्यात प्रेमच असतं. पण वर्षानुवर्षं गोळी घ्यायची असते ती रुग्णानं, दुखलं तर वेळेवर सांगायचं असतं तेही त्यानंच. धोका माहीतच नसेल तर ठणठणीत वाटणारा माणूस तपासणीला कशाला येईल? ज्याला खरोखरच ऐकायचं नसेल, त्याचा नकार जरूर पाळावा; पण आधी त्याला विचारावं तरी. तुमच्या घरात अशी फाईल असेल, तर ती ज्याची आहे त्याच्या हातात द्या.