आयसी ७८

आमच्या शाळेत संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि फ्लॉपीला हात लावण्याआधी हात धुवावे लागत. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४-८५ च्या सुमारास देशभरातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, त्यांत आमचीही होती. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या अखेरीस आणलेलं हे यंत्र. मेमरी ३२ किलोबाइट, फिकट पिवळसर खोकं, वर तांबड्या फंक्शन-कीजची रांग. सुरुवातीला प्रोग्राम यायचे ते साध्या टेपरेकॉर्डरवरून. वीस किलोबाइटचा प्रोग्राम चढायला तीन-चार मिनिटं जात. तेवढ्यात वीज गेली की रीळ मागे घेऊन पुन्हा श्रीगणेशा.

मग सव्वापाच इंची ड्राइव्ह आला. शिफ्ट दाबून ब्रेक दाबायचं, आतून ‘खट्’ असा आवाज येई आणि सरांचा भूगोलाचा प्रोग्राम काही सेकंदांत पडद्यावर. आम्ही अवाक्. पण या वेगाचीही किंमत होती. डिस्कच्या व्यवस्थेला स्वतःच्या टिपणांसाठी मेमरी लागे, त्यात पावणेतीन किलोबाइट जात. रंगीत मोड २ पडद्यासाठीच वीस किलोबाइट खाई. मग बेसिकमध्ये लिहिणाऱ्याच्या वाट्याला पावणेसहा उरत. टेपवरून सुखाने चालणारा प्रोग्राम डिस्कवर गेला की ‘जागा नाही’ म्हणून अडे. नवी सोय घरात आली की आधी जुन्यांना सरकून बसावं लागतं, हे मी तिथे पाहिलं.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मॉडेमं आली आणि गेली. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गंजलेल्या मिक्सरांच्या शेजारी ती तांबड्या कीजची रांग दिसली. घासाघीस करायचंही भान राहिलं नाही. घरी आणून झाकण उघडलं तर आयसी ७८ चं चाळीस पायांचं सॉकेट रिकामं. साध्या बीबीसी मॉडेल बी सोबत डिस्कचा कंट्रोलर येत नसे, तो वेगळा विकत घ्यावा लागे.

त्या सॉकेटमध्ये बसते ती इंटेलची ८२७१. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानदारांनी नाव ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चार आण्याची मोड मागतोय. ही चिप एकॉर्नच्या चांगल्या दिवसांतच महाग आणि दुर्मिळ होऊ लागली होती. म्हणून तर १९८५ च्या बी प्लस मॉडेलमध्ये एकॉर्नने वेस्टर्न डिजिटलची १७७० घातली. माझी ८२७१ शेवटी लेस्टरच्या मामेभावाने पाठवली, त्याच्या आईने दिलेल्या मेतकुटाच्या डब्याच्या बदल्यात.

८२७१ एकेरी घनतेनेच लिहिते. चाळीस ट्रॅक, प्रत्येकी दहा सेक्टर, सेक्टरमागे २५६ बाइट: एका बाजूला बरोबर शंभर किलोबाइट. मी ऐंशी ट्रॅकचा ड्राइव्ह लावला, जागा दुप्पट झाली, पण फायली तरीही ३१ च. यादी पहिल्या दोन सेक्टरांत मावावी लागते. डिस्क मोठी झाली म्हणून यादी वाढत नाही. शिवाय ऐंशीचं हेड बारीक. चाळीस ट्रॅकच्या जुन्या फ्लॉपीवर त्याने लिहिलं की शेजारी जुन्या लेखनाची कड शिल्लक राहते आणि मूळ ड्राइव्हला ते धड वाचता येत नाही. जुनी फ्लॉपी नव्या ड्राइव्हमध्ये फक्त वाचायची, लिहायची नाही, हा माझ्या घरचा कायदा आहे.

मग १७७० चा मोह झाला. ती अठ्ठावीस पायांची, म्हणून एका छोट्या पाटीवर चढून आयसी ७८ मध्ये उतरते; सोबत डिस्कची रॉमही बदलावी लागते. दुहेरी घनता, दोन्ही बाजू मिळून ६४० किलोबाइट, शिवाय खऱ्याखुऱ्या डिरेक्टरीज. सगळं सुरेख. फक्त काही खेळांच्या फ्लॉपी मुक्या झाल्या. नक्कल होऊ नये म्हणून त्यांच्या कर्त्यांनी यंत्राच्या व्यवस्थेला बगल देऊन थेट ८२७१ शी बोलणं ठेवलं होतं. व्यवस्थेमार्फत रीतसर विचारणारे प्रोग्राम नव्या चिपवरही चालले. चलाखी केलेले अडकले. मला यात थोडा आसुरी आनंद झाला, हे लपवत नाही.

आता खालच्या बाजूला गोटेक आहे. यूएसबी पेनड्राइव्हवरच्या फायलींना फ्लॉपी म्हणून पुढे करणारा हा डबा भरतकामाच्या यंत्रांतही बसतो, म्हणून पुण्यात सहज मिळाला. मोटर नाही, हेड नाही, ‘खट्’ नाही. पेनड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या मावतात, आणि जुन्या पद्धतीच्या प्रत्येकीच्या एका बाजूत फायली ३१ च! भाचा विचारतो, “मामा, मग लॅपटॉपवर एम्युलेटर का नाही चालवत?” चालवतो की. वेळ नसला की तोच चालवतो.

पण पावसाळ्याने बुरशी धरलेल्या फ्लॉप्या एम्युलेटरला देता येत नाहीत. त्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून खऱ्या ड्राइव्हमध्ये वाचाव्या लागतात. म्हणून गोटेक क्रमांक शून्यावर आणि खडखडणारा ड्राइव्ह क्रमांक एकवर, एकाच चौतीस तारांच्या पट्टीवर. दोघांचे जंपर वेगळे, आणि पट्टीच्या टोकाला कोण हे पाहून टर्मिनेटर. बहुतेक फ्लॉप्या उतरवून झाल्या. राहिल्या त्या चलाख खेळांच्या दोन. त्यांच्यासाठी येत्या दिवाळीच्या सुटीत १७७० ची पाटी काढायची, जुनी रॉम लावायची आणि आयसी ७८ मध्ये ८२७१ पुन्हा बसवायची आहे. भाचा याला डाऊनग्रेड म्हणतो. स्क्रू-ड्रायव्हर मात्र तोच धरणार आहे.