तीनशे सहासष्ट सेंटिमीटरांचे घर

भिंती, फरशी आणि छत कारखान्यात मापून-कापून तयार करायचे व नियोजित जागी नेऊन केवळ जोडायचे, अशा घराला पूर्वनिर्मित घर म्हणतात. अमेरिकेत सिअर्स, रोबक या कंपनीने १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून हजारो घरांचे सामान विकले आणि ते रेल्वेच्या वाघिणींतून गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवले. मात्र त्यातली बहुतेक घरे चारचौघांच्या घरांएवढीच होती. जागेचा कस लावणारे पूर्वनिर्मित घर पाहायचे तर फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील रोकब्रून-काप-मार्तँ येथे जावे लागते, कारण चंदीगडचा आराखडा हाती असतानाच्या वर्षांत ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराने स्वतःसाठी बांधलेली खोपी, अर्थात ‘काबानों’, तेथे उभी आहे.

तिचे भाग कॉर्सिका बेटावर शार्ल बार्बेरिस यांच्या सुतारशाळेत तयार झाले आणि १९५२ मध्ये किनाऱ्यावर आणून जोडले गेले. बाहेरून सालीसकट फळ्यांची ही झोपडी एखाद्या लाकूडतोड्याची वाटावी अशी ओबडधोबड आहे. आतला प्लायवूडचा चौरस मात्र इंचाइंचाचा हिशेब देतो. त्याची बाजू ३६६ सेंटिमीटर आणि उंची २२६ सेंटिमीटर, आणि ही मापे ‘मॉड्युलॉर’ या प्रमाणपद्धतीतून येतात, जिच्यात १८३ सेंटिमीटर उंचीचा माणूस हे मूळ माप असून त्याने वर केलेला हात २२६ सेंटिमीटरांपर्यंत पोहोचतो. चौरसात २२६ गुणिले १४० सेंटिमीटरांचे चार आयत भिरभिऱ्याच्या पात्यांसारखे एकामागून एक फिरवले की मधोमध ८६ सेंटिमीटरांचा लहान चौरस उरतो. निजणे, लिहिणे, धुणे, कपडे बदलणे ही कामे या पात्यांवर वाटून दिल्यामुळे कोणतेही काम दुसऱ्याच्या पायात येत नाही. पलंगाखाली खण आहेत, बसायला लाकडी खोकी आहेत, मेज मुद्दाम तिरके आहे, आणि खिडकीच्या घडीच्या झडपेवर बसवलेला आरसा बाहेरचा समुद्र आत ओढून घेतो. शौचकूप फक्त पडद्याआड आहे; ही काटकसर प्रत्येकाला मानवेल असे नाही. शिवाय सहा फुटी पुरुषाच्या देहावर बेतलेले माप सर्वांचे माप कसे ठरते, हा प्रश्नही अनुत्तरितच राहतो.

या घरात स्वयंपाकघर नाही. भिंतीतले एक दार शेजारच्या ‘एत्वाल द मेर’ या खाणावळीत उघडत असे, आणि ल कॉर्ब्युझिए यांचे जेवण तेथे, थॉमस रेब्युतातो यांच्याकडे होई. चूल, भांडी, धान्य, धूर आणि राबणारे हात हे सगळे त्या दारापलीकडे ठेवल्यामुळेच अलीकडचा चौरस इतका मोकळा, इतका निर्मळ भासतो. म्हणजे या घराचे खरे क्षेत्रफळ त्याच्या भिंतींत मावत नाही, ते शेजाऱ्याच्या मुदपाकखान्यापर्यंत पसरलेले आहे, आणि आज चकचकीत छायाचित्रांतून विकल्या जाणाऱ्या इवल्या घरांच्या कौतुकात नेमका हाच भाग गाळला जातो.

२०१६ मध्ये युनेस्कोने ल कॉर्ब्युझिए यांच्या सात देशांतील सतरा वास्तुरचना जागतिक वारशात घेतल्या, त्यांत चंदीगडच्या भव्य कॅपिटॉल संकुलाबरोबर ही खोपीही आहे. विचारांच्या नेटकेपणात ती त्या संकुलाहून तसूभरही उणी नाही. पूर्ण घर मात्र ती नव्हे.