पुढचा भाग कधी?

प्रेमकथा लिहिणाऱ्याला लोक एक प्रश्न हमखास विचारतात: हे सगळं सुचतं कुठून? विचारणाऱ्याच्या डोळ्यांत कुतूहल असतं, थोडा संशयही असतो. रहस्यकथा लिहिणाऱ्याला ‘तुम्ही कुणाला मारलंत’ असं कोणी विचारत नाही. प्रेमकथा लिहिणारी बाई असली, तर गोष्टीतला तो कोण, हे शोधायला अख्खं गाव बसतं. म्हणून मंद्रूपच्या ज्या लेखिकेबद्दल मी लिहितो आहे तिचं नाव इथे येणार नाही. वाचकांना ती टोपणनावाने माहीत आहे, गावाला ब्लाउज शिवणारी म्हणून, आणि तिला हे असंच हवं आहे.

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागलं की मंद्रूप येतं. पुढे टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक. रस्त्यावरून दोन्ही राज्यांच्या एसट्या धावतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्या डुलत जातात, आणि बाजारात एकच माणूस भाव मराठीत विचारून घासाघीस कन्नडमध्ये करतो. रस्त्यापासून थोडं आत तिचं दुकान आहे. एक शिलाई मशीन, एक फॉल-पिकोचं मशीन, दोरीवर लटकलेली अस्तराची कापडं. दुपारी तीनच्या पुढे गिऱ्हाईक तुरळक होतं तेव्हा ती मागच्या खोलीत चहा टाकते. आलं ठेचून घातलेलं, गवती चहाची पात मोडून टाकलेली, साखर सढळ हाताने. कधी बरोबर ताटलीत चुरमुऱ्यांचा सुशीला असतो, वरून शेंगांचं कूट भुरभुरलेला. मी मराठीचा मास्तर. ऱ्हस्वदीर्घ बघून द्या म्हणून तिने एकदा बोलावलं. ऱ्हस्वदीर्घ बघायला फार वेळ लागत नाही. चहा मात्र लांबत जातो.

ती ‘प्रतिलिपी’ या कथांच्या ॲपवर लिहिते. रात्री घरचं आवरलं की मोबाइलवर एक भाग टाइप करायचा आणि टाकायचा. मराठीत आज प्रेमकथा सर्वांत जास्त कुठे वाचली जात असेल तर ती अशी, हातातल्या पडद्यावर, भागाभागाने. दुपारी कपडे वाळत घालून झाल्यावर, गाडीची वाट बघताना, दिवा मालवल्यावर. ज्या मंडळींना मराठी वाचणारं कोणी उरलं नाही अशी खंत वाटते त्यांनी एकदा हे वाचक बघावेत.

सुचतं कुठून, हे मीही तिला विचारलं. तिने कप खाली ठेवला.

“सर, सुचायला बसावं लागतंय व्हय? कानावर पडतंयच की. माप घेताना बायका बोलत्यात. समोर बघून नाही बोलत, आरशात बघून बोलत्यात. म्हणून खरं बोलत्यात.”

मग तिने एक प्रसंग सांगितला. एक बाई धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला आली होती. मागचा गळा खोल ठेवा, वर दोरी लावा, तिला लटकन लावा, असं हौसेने सांगत होती. टेप पाठीवर टेकली तशी ती गप्प झाली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “नको. पहिला आहे तसाच ठेवा.” एवढंच. कोणी काही बोललं होतं, की कोणाला तरी आता फरक पडत नाही हे तिला त्या क्षणी आठवलं, ते तिनं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. वहीत माप लिहिलं: गळा जुन्याप्रमाणे. त्या रात्री हिने जी कथा सुरू केली तिच्यात ना ब्लाउज होता ना लग्न. होती ती एक बाई, जी काहीतरी मागता मागता थांबते, आणि एक माणूस, ज्याला ते थांबणं ऐकू येतं.

प्रेमकथेचा नायक कसा असावा याची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही.

घरी आल्यावर मी ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ काढून बसलो. १९३१ सालचं पुस्तक. मराठी प्रणयकथेचा हा सम्राट कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा, आणि ‘दौलत’, ‘जादूगार’ लिहिणाऱ्या या माणसाने कथा कशी रचावी, गुंता कसा घालावा, कधी सोडवावा, वाचकाची उत्कंठा कशी राखावी, हे सारं खुलं करून मांडलं. प्रतिभेवर पडदा ठेवायला त्यांनी नकार दिला. याबद्दल त्यांना ‘तंत्रवादी’ म्हणून बोल लागले. वि. स. खांडेकर जीवनासाठी कला म्हणत असताना फडके कलेसाठी कला म्हणत राहिले, आणि त्या वादात त्यांची बाजू पोकळ, नुसत्या सौंदर्याची, अशी ठरवली गेली. मला ते कधी पटलं नाही. वाचक कुठे कंटाळेल, कुठे अडखळेल, कुठे पान उलटायला उतावीळ होईल याचा इतका बारकाईने विचार करणारा लेखक वाचकाला मान देत असतो. फडक्यांचं तंत्र म्हणजे वाचकाची केलेली सरबराई आहे. याच माणसाने ‘गुजगोष्टी’ लिहून मराठी लघुनिबंधाची वाट पाडली, हा योगायोग मला वाटत नाही. समोर कोणीतरी बसलं आहे, आपण त्याच्याशी बोलतो आहोत, ही जाणीव दोन्हीकडे एकच आहे.

मी तिला फडक्यांबद्दल सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. हातात एका ब्लाउजाची बाही होती आणि ती लांब लांब धावदोरा घालत होती. मग म्हणाली, “आमच्यात याला टाचण म्हणत्यात. आधी टाचून अंगाला लावून बघायचं. टीप मारली की उसवताना कापड जातंय.” तिच्या जुन्या मापवह्यांची मागची पानं अशा टाचणांनी भरली आहेत. पुढच्या पानांवर छाती, कंबर, बाही. मागून उघडली की: तो येतो, ती बोलत नाही, पाऊस नको (पाऊस मागल्या गोष्टीत झाला), सासूला सगळं माहीत आहे पण ती सांगत नाही. एवढ्याच ओळी. बाकीचं रात्री. संवाद ती आधी मोठ्याने म्हणून बघते, आणि नवरा दारात उभा राहून “कुणाशी बोलालीस?” असं विचारतो तेव्हा तो संवाद जमला असं समजते.

तिचं माहेर नदीपलीकडचं, इंडी तालुक्यातलं. शाळा कन्नडमध्ये झाली. मराठी ती लग्नानंतर नीट वाचायला शिकली: आधी दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्र, मग मासिकं. प्रेमकथेची गोडी मात्र माहेरून आली, त्रिवेणींच्या कादंबऱ्यांतून. अनसूया शंकर हे त्यांचं खरं नाव. १९२८ ते १९६३, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि तेवढ्यात कन्नड घराघरांतल्या बायकांच्या मनाचा ठाव घेणारी पुस्तकं. ‘शरपंजर’मध्ये बाळंतपणानंतर मन ढासळलेली बाई बरी होऊन घरी येते, पण घर तिला पुन्हा आपली म्हणत नाही. पुट्टण्णा कणगाल यांनी त्यावर केलेला चित्रपटही गाजला. आईने ते पुस्तक धान्याच्या कणगीमागे ठेवलेलं असायचं, असं ती सांगते. कणगीमागून काढलेलं पुस्तक वाचत मोठी झालेली मुलगी पुढे प्रेमकथा लिहिते तेव्हा तिला सुखान्त आणि शोकान्त यांतली निवड हलक्याने करता येत नाही. प्रेम कुठे मोडतं हे तिने फार लवकर वाचलेलं असतं.

प्रेमकथेचा वाद मराठीत एकदा पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली. नायक एक कवी, त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, त्याची ओढ आणि त्याची निराशा. अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी ठरवलं. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, आणि समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत हेही निकालात नोंदवलं. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि देशभर गर्दीत चालला. त्या खटल्यात वादाचा मुद्दा लेखक नव्हताच. मुद्दा होता वाचणारा: तो बिघडेल का? त्याच्या हाती हे द्यावं का? प्रेमकथेचा वाचक हा कच्च्या मनाचा, सांभाळून घ्यायचा माणूस, ही समजूत कोर्टाबाहेरही होती आणि आजही आहे. ती मनात ठेवूनच आपण काकोडकरांना, शैलजा राजेंना, कुसुम अभ्यंकरांना वाचनालयातून भाड्याने आणून वाचलं आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना नीट जागा दिली नाही. वाचणाऱ्या लाखो बायांच्या दुपारी त्या इतिहासात नाहीत, याचं मला दुःख आहे.

आणि वाचकाबद्दलचा हा अविश्वास अशा मुलखात, जिथे मराठी अक्षरांनी हजार वर्षांपूर्वी वाचकाचंच भलं चिंतलं! मंद्रूपहून फार लांब नाही, भीमा आणि सीना जिथे मिळतात ते हत्तरसंग-कुडल. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो मोजला जातो. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. गावोगाव फिरून, दगडांवर वाकून अक्षरं लावणारा हा संशोधक. त्या लेखातली मराठी ओळ एवढंच सांगते की हे जो वाचील तो विजयी होईल. त्या कोरणाऱ्याला वाटलं की वाचणाऱ्यालाही काही द्यावं.

मी हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही की तिने आश्चर्यही दाखवलं नाही. “त्यानं पण वाचणाऱ्याचा विचार केलाय की मग,” म्हणाली, आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

सध्या तिची जी कादंबरी चालू आहे तिची नायिका एसटीत कंडक्टर आहे. सोलापूर-विजापूर गाडीवर ड्युटी. नायकाचं मंद्रूपच्या थांब्यासमोर पंक्चरचं दुकान. गाडी थांबते, माणसं चढतात-उतरतात, ती डबल बेल देते. सगळं प्रेम त्या थांब्यापुरतं. फडक्यांनी वाचली असती तर अडथळ्याच्या निवडीवर खूश झाले असते: ना जात आडवी येते ना घर, आडवं येतं वेळापत्रक. तिकिटाच्या मशीनवर बोट फिरवत ती खिडकीतून बघते तेव्हा तो टायर पाण्याच्या टबात फिरवून बुडबुडे शोधत असतो, आणि वर बघायला त्याला नेमका उशीर होतो. हा उशीर लेखिकेने कितीतरी भाग चालवला आहे. एकदा त्याने वर बघितलं तर त्या दिवशी नेमकं गाडीत उभं राहायला जागा नव्हती आणि मधे माणसांच्या पाठी होत्या. मी तो भाग वाचून बराच वेळ तसाच बसून होतो.

आता कथा शेवटाकडे आली आहे, आणि आमचं तिथे जमत नाही. माझं म्हणणं, नायिकेची ड्युटी बदलावी. दुसऱ्या मार्गावर जावी. त्याने एक दिवस वर बघावं आणि दारात दुसरंच कोणी बेल देत असावं. वे-बिलावर दुसरी सही. त्या दोघांनी एकमेकांना पाहिलं हेच पुष्कळ, असं मला वाटतं, आणि अजूनही वाटतं. असा शेवट लक्षात राहील.

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग मोबाइल पुढे केला. कालच्या भागाखाली वाचकांच्या ओळी होत्या, एकीखाली एक. जळगावची कोणी, नांदेडची कोणी, एक बाळंतीण, जी रात्री मुलाला घेऊन जागी असते आणि तेव्हाच वाचते. बहुतेकींनी एकच विचारलं होतं: पुढचा भाग कधी?

“सर, तुमचा शेवट चांगला हाय,” ती म्हणाली. “पण ह्या सगळ्या दिवसभर कुणाची ना कुणाची वाट बघतच असत्यात. जेवायला येणाऱ्याची, शाळेतनं सुटणाऱ्याची, फोनची. त्यातनं वेळ काढून माझ्या गोष्टीत पण त्या वाटच बघितल्या. आता मी त्यांना सांगू, आला नाही म्हणून?”

मी म्हटलं, मग तो आला तर पुढे काय? नायिका नोकरी सोडणार का?

“नोकरी कशाला सोडंल ती?” तिने कात्री उचलली. “तो चढतोय गाडीत. दुकान बंद करून. तिकीट काढतोय टाकळीचं. आणि ती विचारतीय, सुट्टे हायत का?”

दारात गिऱ्हाईक आलं होतं. तिने टेप गळ्यात अडकवली.