मामांची भाटी आणि मामींची किल्ली

आमच्या घराण्यात दारूच्या थेंबाला कोणी शिवले नाही, ही गोष्ट वडील इतक्या वेळा सांगत की, लहानपणी मला तो रावबहादुरीसारखा एखादा किताबच वाटे. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे तो सांगतो. पण आमच्या घरात कायद्यापेक्षा वडिलांच्या चष्म्याचा धाक मोठा होता. अशा घरातल्या मुलाने, त्यातून मराठीच्या मास्तराने, ऐन दिवाळीत दारूच्या भाटीवर लिहावे याला सर्वस्वी जबाबदार आमची सासुरवाड आहे.

सौ.चे मामा गोव्यात सत्तरी तालुक्यात राहतात. गोवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. सत्तरीत समुद्राचे नावही नाही. बेळगावाहून चोर्ल्याचा घाट उतरलात की केरीजवळ अंजुणे धरणाचे पाणी दिसते, आणि पुढे वाळपईकडे जाताना दोन्ही बाजूंना काजूची रानेच राने. मामांचे गाव त्याच्याही पुढे, म्हादईच्या काठी. मातीच्या भिंती, मंगळुरी कौले, फणसाचे आणि माट्टीचे खांब, पुढे ओसरी आणि मागे पोफळी, असे त्यांचे घर होते. ‘होते’ म्हणतो, कारण जुलै २०२१ मध्ये म्हादईला जो पूर आला त्यात ते गेले. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले. परंतु मातीच्या भिंतीला एकदा पायापासून पाणी लागले की ती उभी राहत नाही. साखरेच्या ढेपेसारखी बसते. चारी भिंती बसल्या आणि त्यांच्यावर छप्पर बसले.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही गेलो, तेव्हा मामा-मामी उंचावरच्या चिऱ्यांच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करून होते. मामा मला खाली घेऊन गेले. घराच्या जागी मातीचा ढीग, आणि शेजारी झावळ्यांच्या मांडवाखाली लाकडे रचून ठेवलेली. आढे, तुळया, वासे, खांब, खिडक्यांचे गज आणि पुढच्या दाराची दोन्ही फळ्या. प्रत्येक थरामध्ये बारीक रिपा घालून, वारा खेळेल अशी. “आमचें घर पावसान न्हय, न्हंयन व्हेलें,” मामा म्हणाले. पावसाने नव्हे, नदीने नेले. मग एका तुळईवर हात ठेवून मराठीत म्हणाले, “पण हे तिला नेता आले नाही. हे काय जाळायला काढू, प्रोफेसर?”

मुलगे दोघेही पणजीला. त्यांचे म्हणणे, लाकूड विकून टाका. जुन्या सागाला शहरातले लोक वेडे होऊन पैसे मोजतात. तेही खोटे नव्हते. पण मामांच्या डोक्यात निराळेच होते. त्यांच्याकडे पिढीजात काजूची भाटी. दरसाल हंगामापुरता सरकारी परवाना काढायचा आणि मार्चपासून मे अखेरपर्यंत फेणी गाळायची. पुराने भाटीचे छप्परही गेले होते. ह्याच लाकडांतून नवी भाटी उभारायची, आणि तिला लागून एक लहानशी खोली, जिथे पाव्हण्या-रावळ्यांना बसवून घोटभर उर्राक देता येईल. गावोगावच्या ताव्हेर्नीत असतो तसा लाकडी गल्ला, मागे फळ्या, फळ्यांवर बाटल्या. विक्री मात्र नाही. गल्ल्याची वरची फळी पुढच्या दाराची. तिच्याएवढे रुंद, सलग लाकूड दुसरे नव्हतेच.

हा बेत मामींच्या कानावर गेला आणि घरात दुसरा पूर आला.

मला वाटले होते, दाराचे पावित्र्य, लक्ष्मीचा मार्ग, असे काहीतरी त्या बोलतील. त्या तसे काही बोलल्या नाहीत. चुलीपुढून न उठता म्हणाल्या, “त्याच दारातून माझ्या भावाला बाहेर काढला. बेचाळीस वर्षांचा होता. काय पिऊन गेला ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याच दारावर आता तुम्ही पेले मांडणार?” मामा काहीच बोलले नाहीत. मेहुणा शेवटची दोन वर्षे त्यांच्याच घरी होता, हे मला सौ.ने रात्री सांगितले. मी मनातून मामींच्या पक्षाचा झालो, आणि माझे वडील असते तर तेही तिथेच बसले असते.

त्यानंतर मी गेलो तो एकदम एप्रिल २०२३ मध्ये, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बरोबर घेऊन. म्हटले, भांडण कुठवर आले ते तरी पाहावे. पाहतो तो भाटी उभी! तीन बाजूंनी उघडी, चौथ्या बाजूला चिऱ्यांची भिंत. मधमाश्यांची घोंघो आणि काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास, ज्याची सवय व्हायला मला दोन दिवस लागले.

भाटीचे काम सांगायला सोपे आणि करायला कमरेचा काटा मोडणारे. बोंड झाडावरून तोडायचे नाही. पिकून आपण होऊन खाली पडले तरच ते उपयोगाचे. पहाटे रानात जाऊन, टोकाला खिळा ठोकलेल्या काठीने ते वेचायचे आणि बी पिळून वेगळी करायची. मग कातळात कोरलेल्या उथळ कुंडीत बोंडे पायांनी तुडवायची. आता बहुतेक ठिकाणी दाबयंत्र आले आहे, पण मामांचा भरवसा पायांवर. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग नुडी नावाच्या वेलीने आवळून बांधतात आणि वर धोंडा ठेवतात. रात्रभर जो रस झिरपतो तो नीरो. तो अतिशय गोड आणि निरुपद्रवी. मी आणि माझ्या मुलीने तांब्या तांब्या प्यायला. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबवायचा. त्यात यीस्ट नाही, साखर नाही. जे काही लागते ते बोंडाच्या सालीवर आणि हवेत असते. मग तो भाणात, म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यात घालून खाली काजूच्याच लाकडांचा जाळ. वाफ नळीतून लवणी नावाच्या मडक्यात जाते आणि त्या मडक्यावर माणूस सतत गार पाणी ओतत राहतो. पहिल्या धारेचा उर्राक हलका. तो हंगामातच संपवायचा. तो नीऱ्यात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. आज तिची कडकी ४२.८ टक्के धरतात, पण मामा बाटली हलवून फेसाच्या मण्यांवरून निकाल देतात. फेणी हा शब्द फेणावरूनच आला असे सांगतात, म्हणजे आपल्या सुतरफेणीची ही दूरची बहीण. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. त्याचा नैवेद्य मात्र इतका आमचा झाला की, २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचे पेय ठरवले.

पण मला जास्त गंमत वाटली ती लाकडांची. गावचा मेस्त सत्तरीचा. त्याने म्हणे पहिले दोन महिने एकाही लाकडाला करवत लावली नाही. नुसता हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजले तर आत निरोगी. भद्द वाजले तर आत वाळवीने दुकान मांडलेले. तशी टोके कापून टाकली. मग जुने खिळे काढायचे, कारण एक राहून गेलेला खिळा रंध्याचे पाते घालवतो. घर बांधताना सांधे खाचेत बसवलेले असल्याने खिळे थोडेच निघाले. ऐंशी-नव्वद वर्षे घरात वाळलेले लाकूड आता ना फुगणार ना वाकणार. पुराच्या पाण्यानेही त्याचे काही वाकडे झाले नव्हते. सावलीत हळूहळू वाळू दिले एवढेच. उन्हात टाकले असते तर तडकले असते. मेस्ताने रंधाही बेताने मारला. खांबांवर जुन्या सुताराच्या वाकसाचे घाव होते ते तसेच ठेवले. “कोणाचा तरी हात आहे तो,” म्हणाला.

शेवटी लाकडांना काजूच्याच टरफलाचे तेल पाजले. हे तेल काळे आणि जहाल. कातडीला लागले तर फोड येतात. पण वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. कोकणात होड्यांनाही ते लावतात. बोंडाची फेणी, बीचा गर, टरफलाचे तेल आणि वाळल्या फांद्यांचा जाळ. काजूइतका संसारी वृक्ष दुसरा नसेल.

खोली भाटीला अगदी चिकटून नाही, दहा-बारा पावले दूर आहे. गाळताना निघणारी वाफ पेट घेते. जाळ आणि साठा एका छपराखाली नको, हा मामांच्या वडिलांचा नियम. आत दोन खांब, ओसरीवरचे. फळ्यांवर गराफांव, म्हणजे काचेचे पोटाळ बुधले. भरलेला एक उचलायला दोन माणसे लागतात, म्हणून फळ्यांखाली वासे आडवे घातले आहेत. मी विचारले, पिंप का नाही केले ह्या लाकडाचे? “फेणी लाकडात ठेवायची नसते, लाकडावर ठेवायची,” मामा म्हणाले. “लाकूड तिचा वास खाते.” गल्ला मात्र अरुंद होता. माझ्या लक्षात आले, ती माजघरातली तुळई, उभी चिरून दोन फाकी जोडलेली. मध्ये बोटभर सांधा राहिला होता.

“आणि दार?” मी विचारले.

मामांनी मागे बोट दाखवले. मी ज्यातून आत आलो होतो तेच ते दार! चौकटीसकट, कडीसकट. फक्त कडी-कोयंडा आतून काढून बाहेरून बसवला होता.

ही तोड मामींची. पावसाळाभर दोघांत अबोला होता म्हणे. मग एके दिवशी मामी स्वतः मेस्ताकडे गेल्या आणि म्हणाल्या, दार आहे ते दारच राहू दे. त्याला आडवे पाडायचे नाही, त्याच्यावर काही सांडायचे नाही. कुलूप बाहेरून, किल्ली माझ्या कमरेला. उघडायचे मी, दिवेलागणीला बंद करायचे मी. मामांनी हे कसे मान्य केले ते मला कळले नाही. विचारण्याचे धाडसही झाले नाही. एवढे खरे की तिन्हीसांजेला मामी हातात निरांजन घेऊन आल्या. आम्ही चौघेजण बसलो होतो आणि गावचा एक माणूस रंगात येऊन काही सांगत होता. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या माणसाने अर्धे वाक्य तसेच सोडले, पेला पालथा घातला आणि तो उठला. मग मामा उठले. मामींनी कुलूप घातले आणि निरांजन तुळशीपुढे ठेवायला गेल्या.

तुम्ही विचाराल, मास्तर, तुम्ही घेतलीत का? घेतली, बोटभर उर्राक, लिंबू आणि मिठाबरोबर. वडिलांचा चष्मा आठवला. चव सांगू लागलो तर वास आधी येतो, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

निघताना मामांनी बाटली देऊ केली. मी हात जोडले. घाटावर नाका, पुढे दोन राज्ये, आणि मुलीसमोर शोभा नको. तेव्हा मामी आत गेल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ठोकळा घेऊन आल्या. त्याच तुळईचा उरलेला तुकडा. “पाट करा ह्याचा,” म्हणाल्या, “नाहीतर पुस्तके ठेवा.”

घाटाच्या वर नाक्यावर गाडी अडवली. शिपायाने मागचे दार उघडले, उत्तरपत्रिका बाजूला सारल्या आणि पुडके हातात घेतले.

“काय आहे?”

“लाकूड,” मी म्हटले.

त्याने कागद सोडला, ठोकळा नाकाशी नेला, काजूच्या तेलाचा वास घेतला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. “नुसते लाकूड?”

“नुसते लाकूड.”