कोणत्या सालचं जहाज?

एन्टरप्राइजचं मॉडेल करायला घेतलंय असं सांगितलं, की आमच्या या छंदातली माणसं आधी विचारतात, ‘कोणत्या सालचं?’ बाहेरच्याला हा प्रश्न विचित्र वाटतो. ‘स्टार ट्रेक’मधलं ते जहाज त्याच्या डोळ्यांपुढे असतं: पुढे मोठी बशी, तिच्याखाली जाडजूड नळकांडं आणि मागे दोन हातांवर उचलून धरलेली लांबट इंजिनं. यात साल कुठून आलं? पण १९६४चं एन्टरप्राइज वेगळं, ६५चं वेगळं, ६६चं आणखी वेगळं, आणि १९७९चं तर बांध्यापासून रंगापर्यंत सगळंच बदललेलं. साल ठरल्याशिवाय प्रायमरची बाटलीसुद्धा उघडता येत नाही.

पोटापाण्यासाठी मी इमारतींची मॉडेल्स करतो, बिल्डरांच्या सेल्स ऑफिसात काचेखाली ठेवतात तसली. अंतराळयानं रात्रीची. इमारतीची मॉडेल्स करताना लागलेली एक सवय इथेही सुटत नाही: कुठलाही आकार हाती आला की तो असाच का, याचं कारण शोधायचं. बहुतेक वेळा कारण सापडतं, आणि ते कल्पनेच्या भरारीत नसतं. कुणाला तरी ती वस्तू बांधायची होती, पेलायची होती, बिघडली तर दुरुस्त करायची होती. तिथेच ते असतं.

मूळ आराखडा काढणारा मॅट जेफरीज हा विमानांतला माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो बी-१७ बॉम्बर विमानांवर होता, पुढे स्वतःही विमान उडवायचा. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने त्याला काय हवं यापेक्षा काय नको तेच सांगितलं होतं. पंख नकोत, मागून ज्वाळा नकोत, रॉकेटसारखं काही दिसायला नको. जेफरीजने मेकॅनिकच्या डोक्याने विचार केला. प्रकाशापेक्षा वेगाने नेणारी इंजिनं म्हणजे प्रचंड आणि धोकादायक शक्ती, म्हणून ती माणसांपासून दूर, हातांच्या टोकाला. बाहेरचं अंग गुळगुळीत, कारण यंत्रं बाहेर लावली तर ती बिघडल्यावर कुणाला तरी निर्वात पोकळीत पाना घेऊन उतरावं लागेल. तेव्हा यंत्रं आत, आणि दुरुस्तीही आतूनच. मालिकेत या दुरुस्तीसाठी रांगत जायचा जो बोळ दाखवला, त्याला ‘जेफरीज ट्यूब’ म्हणतात. इतकं समर्पक स्मारक फार थोड्या डिझायनरांच्या वाट्याला आलं असेल.

जहाजावरचा एनसीसी-१७०१ हा नोंदणी क्रमांकही विमानांकडूनच आला. जुन्या अमेरिकी विमानांवर एनसी ही अक्षरं असत, त्यात आणखी एक सी घातला. आकडेही असे निवडले, की दुरून पाहताना एकाच्या जागी दुसरा वाचला जाऊ नये. तीन, सहा, आठ, नऊ हे एकमेकांसारखे दिसणारे आकडे त्यात नाहीत. सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचं डेकल, म्हणजे हे आकडे छापलेला पातळ पापुद्रा, चिमट्याने बशीवर सरकवताना या निवडीची किंमत कळते.

चित्रीकरणासाठी बांधलेलं मोठं मॉडेल सुमारे ११ फूट लांब होतं. लाकूड, प्लॅस्टिक आणि वळवलेला पत्रा. १९६४च्या डिसेंबरात ते तयार झालं तेव्हा त्यात एकही दिवा नव्हता. पहिला पायलट भाग नेटवर्कने नाकारला आणि दुसरा मागवला. त्या दुसऱ्यासाठी आत दिवे आले. १९६६मध्ये मालिका सुरू होताना पुन्हा फेरफार झाले. वरचा, ब्रिजवरचा घुमट बुटका केला, पुढची तांब्याच्या रंगाची तबकडी लहान झाली. इंजिनांच्या तोंडाशी अणकुचीदार लाकडी टोपणं होती, ती जाऊन आत दिवे फिरणारे अर्धपारदर्शक घुमट बसले, मागच्या टोकांना गोळे आले. गोष्टीतलं जहाज कुठल्याही गोदीत गेलं नव्हतं, तरी त्याचं रिफिट झालेलं होतं.

दिवे आले तशा वायरी आल्या, आणि त्या सगळ्या डाव्या बाजूने आत शिरल्या. म्हणून डावी बाजू अपुरीच राहिली. मालिकेत जहाज बहुतेक वेळा उजवीकडूनच दिसतं, याचं कारण एवढंच. डावी बाजू दाखवायचीच झाली तर उजवीवर उलटे आकडे चिकटवायचे, चित्रीकरण करायचं आणि फिल्म उलटी फिरवायची. मला याचं नवल वाटत नाही. सेल्स ऑफिसात भिंतीला लागून ठेवायच्या टॉवरची मागची बाजू आम्हीही कोरी सोडतो. गिऱ्हाईक तिकडे फिरत नाही.

याहून गमतीदार काटकसर १९६७च्या ‘द डूम्सडे मशीन’ या भागात आहे. तिथे एन्टरप्राइजच्याच जातीचं दुसरं एक जहाज मोडक्या अवस्थेत हवं होतं. त्यांनी एएमटी कंपनीचं बाजारात मिळणारं किट घेतलं, ते भाजून-मोडून घेतलं आणि डब्यातल्याच १७०१च्या आकड्यांची अदलाबदल करून १०१७ लिहिलं. त्या जातीच्या जहाजांचे क्रमांक कसे लागले असावेत, यावर चाहते अजून वाद घालतात. उत्तर डेकलच्या कागदावर आहे. त्यात हेच चार आकडे होते.

१९७९च्या ‘स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर’मध्ये मात्र रिफिट हा कथेचाच भाग झाला. दीड वर्ष गोदीत राहून जहाज नव्याने बांधलं गेलं, अशी गोष्ट. खरं कारण पडद्याच्या आकाराचं. घरातल्या टीव्हीवर शोभणारं गुळगुळीत करडं अंग थिएटरात भकास दिसलं असतं. आधी नव्या टीव्ही मालिकेचा बेत होता, तेव्हा जेफरीजनेच इंजिनं चपटी आणि त्यांचे हात मागे झुकते करून ठेवले होते. बेत बदलून चित्रपट ठरल्यावर अँड्र्यू प्रोबर्ट आणि रिचर्ड टेलर यांनी ते काम पुढे नेलं. सुमारे आठ फुटांचं नवं मॉडेल झालं. पॉल ऑल्सेनने त्यावर मोतिया झाक असलेल्या रंगांचे असंख्य बारीक तुकडे चढवले. प्रकाश एका कोनातून पडला की एक पट्टा चमकतो, कोन बदलला की शेजारचा. ही रंगवण्याची तऱ्हा आम्हा लोकांत ‘अ‍ॅझ्टेक’ म्हणून ओळखली जाते. मास्किंग टेपचे तुकडे कापता कापता बोटं कामातून जातात, पण एवढ्या मोठ्या वस्तूचं वजन डोळ्यांना पटवणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. चित्रपटाचे स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या डग्लस ट्रम्बुलने आणखी एक गोष्ट ओळखली: दूरच्या अवकाशात जवळ सूर्य नसतो, तेव्हा जहाजाने स्वतःच्याच दिव्यांनी स्वतःला उजळायला हवं. म्हणून त्याच्या अंगावर सगळीकडे छोटे प्रकाशझोत आहेत.

तीन वर्षांनी पुढच्या चित्रपटात हीच झळाळी अडचणीची ठरली. निळ्या पडद्यासमोर चित्रीकरण करताना तो निळा रंग चकचकीत अंगावर उमटायचा. मग मॉडेलवर फवारा मारून चमक मारली. म्हणजे १९७९चं आणि ८२चं जहाज आकाराने एक, रंगाने वेगळं. साल विचारायचं ते असं.

‘स्टार वॉर्स’च्या मिलेनियम फाल्कनची वाट उलटी. आधीचा लांबट आराखडा ‘स्पेस: १९९९’ या मालिकेतल्या ईगल यानासारखा दिसतो म्हणून बाद झाला. तो जरा बदलून सिनेमाच्या सुरुवातीला पाठलाग होणाऱ्या राजकन्येच्या जहाजासाठी वापरला, आणि फाल्कनसाठी जो जॉन्स्टनने घाईघाईत बशीचा नवा आकार काढला. त्याच्या अंगावर रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधले सुटे भाग चिकटवलेले आहेत. जेफरीजने जी यंत्रं आत लपवली ती इथे उघडी. तरीही फाल्कन खोटं वाटत नाही, कारण ते पैशाची ओढाताण असलेल्या माणसाचं जहाज आहे. तिथे गोदी नाही, ठिगळं आहेत. एकाचं रिफिट सरकारी खर्चाने एकदाच होतं, दुसऱ्याचं रोज थोडं थोडं चालू असतं. दोघांच्या अंगावर त्यांचे दुरुस्तीवाले दिसतात.

वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमला १९७४मध्ये एन्टरप्राइजचं ते ११ फुटी मॉडेल भेट मिळालं. त्यानंतर त्याची अनेकदा डागडुजी झाली. नव्वदीच्या सुरुवातीला त्यावर पत्र्यांच्या जोडरेषा ठळक रंगवल्या गेल्या आणि जुने चाहते चिडले. २०१६पर्यंत चाललेल्या शेवटच्या कामात म्युझियमने क्ष-किरणांनी आतली रचना तपासली, लोकांकडून जुने फोटो मागवले, आणि मग आमचाच प्रश्न सोडवला: कोणत्या सालचं? त्यांनी १९६७चा ऑगस्ट ठरवला, ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळचं रूप. बशीच्या वरच्या बाजूचा रंग मूळचाच निघाला. तो तसाच ठेवला. डावी बाजूही अपुरीच ठेवली, पुरी करण्याचा मोह टाळला. हे मला त्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

सध्या माझ्या टेबलावर ६५चं आहे. दिवे आलेत, पण अणकुचीदार टोपणं अजून गेलेली नाहीत. नवी एन्टरप्राइज आता कॉम्प्युटरवर घडतात. तिथे इंजिनांच्या वजनाने हात खाली वाकत नाहीत, वायरीसाठी एक बाजू गमवावी लागत नाही, आकार दुप्पट करायला एक क्लिक पुरते. बदल केला म्हणून मी कुणावर चिडत नाही, जेफरीजनेही आपलंच जहाज बदललं होतं. पण स्क्रीनवर काम करणारी तरुण मुलं आपलं यान दाखवायला आणतात तेव्हा त्यांना एक विचारतो: यातलं इंजिन निकामी झालं तर ते कोण बदलणार, आणि कुठल्या दाराने बाहेर काढणार? ज्यांच्याकडे उत्तर असतं त्यांच्या यानाला तोवर आकार आलेला असतो. ज्यांच्याकडे नसतं त्यांना मी आधी दार काढायला सांगतो.